आईनं सोडलेलं दूध

सौंसरच्या बस स्टँडवर नागपूरची बस लागलेली होती आणि माझी आई बसच्या दारात दुधाची कॅन घेऊन उभी होती. सकाळचा रतीब अर्धा टाकून ती तशीच धावत आली होती, पदर खोचलेला, पायांवर शेण वाळलेलं. मी बावीस वर्षांची, नवी बॅग, नवी चप्पल, पुण्यात नोकरी लागलेली. तिनं कॅनच्या झाकणात दूध ओतलं आणि भर गर्दीत माझ्यापुढे धरलं. "पी. तिकडे दुधाच्या नावानं पाणीच भेटन तुले." कंडक्टर हसून राहिला, माझ्या कॉलेजातल्या दोघी खिडकीतून पाहून राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अर्धं प्यायले आणि झाकण तिच्या हातात कोंबलं. उरलेलं तिनं तिथंच घटघट पिऊन टाकलं, पदरानं ओठ पुसले, आणि बस हलेपर्यंत एकच सांगत राहिली, "पोचली का फोन करजो."

हे मी मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसर-पांढुर्ण्यात राहिलेल्यांसाठी लिहिते आहे, आणि तिथून निघून पुणे, नागपूर, इंदूर, बंगलोर असं कुठे कुठे जाऊन बसलेल्यांसाठीही. तुम्ही घरी फोन करता. तिकडून विचारतात, जेवली का, आणि तुम्ही हाव म्हणता, मग जेवल्या असा किंवा नसा. एवढ्याशा खोट्यानं कोणाचं काही बिघडत नाही असं मलाही वाटायचं. माझ्या एका खोट्यानं माझी आई गेली. लोक म्हणतात असं बोलू नये, वय झालं होतं, हाड मोडलं होतं. म्हणोत बापडे. मला माहीत आहे.

बाबा शाळेत मास्तर होते. मी नऊ वर्षांची असताना ते गेले, दादा तेव्हा बारा वर्षांचा. आईचं माहेर पांढुर्ण्याचं, दुकानदाराच्या घरातलं. लग्न होईपर्यंत तिनं शेणाला हात लावला नव्हता. बाबा गेल्यावर तिनं दोन गाई घेतल्या आणि घरामागे कोठा बांधला. पुण्यात गोठा म्हणतात, आमच्याकडे कोठा. त्यानंतर आमच्या घरात जे काही आलं, वह्या, दादाची सायकल, माझी कॉलेजची फी, ते सगळं त्या कोठ्यातून आलं. दुधातलं आईला इतकं कळायचं की कोणाच्या दुधात पाणी आहे असं वाटलं की अंगठ्याच्या नखावर थेंब टाकायची, तो उभा राहतो की पळतो ते बघायची, आणि मग त्या माणसाची अशी काही खरडपट्टी काढायची की तो पुन्हा आमच्या गल्लीत फिरकत नसे. संध्याकाळचं तिचं जेवण ठरलेलं होतं, ज्वारीची भाकर गरम दुधात कुस्करून आणि सोबत गुळाचा खडा. पुढे दात गेले तेव्हा तर सकाळ-संध्याकाळ तेच एक जेवण राहिलं.

पुण्यात आले आणि पहिली गेली ती बोली. ऑफिसात एकदा "मी करून राहिले ना" म्हटलं तर टेबलाभोवतीचे सगळे हसले. वाईट नव्हते ते, पण हसले. एमपी म्हणजे तुम्ही हिंदी ना, असंही विचारायचे. आम्ही मराठीच, आमच्याकडे संत्री आणि कापूस तुमच्या नागपूरसारखाच, असं सांगून सांगून थकले आणि एक दिवस "मी करतेय" म्हणायला लागले. आधी सौंसर जिल्हा छिंदवाडा लिहायचे, आता जिल्हा पांढुर्णा झाला. कागदावर पत्ता बदलला तेव्हा मी दोन-तीन फॉर्ममध्ये जुनंच लिहून बसले. लग्न झालं, फ्लॅट झाला, जुई झाली. सौंसरला वर्षातून एकदा, दिवाळीत.

जुई दीड वर्षाची झाली आणि मी तिला अंगावर पाजणं बंद केलं. दूध सुटतं पण प्यायला कोणी नाही असे ते आठ-दहा दिवस होते. छाती भरून ठणकायची. त्या दिवसांत मला आमच्या मोरीचा गोऱ्हा आठवला. मोरी आमची दुसरी गाय. तिला ऐन थंडीत गोऱ्हा झाला होता. कालवड झाली असती तर आईनं जपली असती. पण गोऱ्हा कोणाला पाहिजे, बैलाचं काम ट्रॅक्टर करून राहिला होता. दूध रतिबाच्या घरांना पुरलं पाहिजे म्हणून त्याला दोन-चार घुटके मिळायचे, मग दोर ओढून बाजूला. दोर ओढणारी मी, अकरा वर्षांची. वीसेक दिवसांत तो मेला. मोरी दूध चढवून बसली, थेंब सोडेना. मग आईनं एका माणसाकडून त्याचं कातडं काढवून आणलं, मीठ-हळद चोळली, आत कुटार, म्हणजे वाळलेला भुसा, भरलं आणि सुतळीनं शिवलं. पायांच्या जागी काड्या. रोज दोन्ही वेळा ते कुटाराचं वासरू मोरीच्या तोंडाशी धरून उभं राहायचं काम माझं. मोरी त्याला चाटायची आणि पान्हा सोडायची. मी एकदा म्हटलं, "आई, तिले समजत नाई का?" आई चरवीवरची नजर न काढता म्हणाली, "समजते वो. समजूनच चाटते."

ते दूध आम्ही विकलं, आणि उरलेलं मी प्यायले. तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. एवढ्या वर्षांनी, पुण्याच्या फ्लॅटमध्ये, छातीला ओलं फडकं धरून बसल्यावर वाटलं. नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला सोडून बघू. सोडलं. सुरुवातीला फजितीच झाली. सोयाबीनचं दूध चहात टाकलं तर फाटलं, बदामाचं परवडेना, ओट्सचं नवऱ्याला चिकट लागायचं. नारळाचं दूध कढीला चाललं. हळूहळू जमलं. जुईच्या डॉक्टरांना विचारून, त्यांनी सांगितली ती सोयाबीनच्या दुधाची पाकिटं, टोफू, तीळ, डाळी, वरून औषधाचे थेंब, असं सगळं रीतसर लावून घेतलं. आज जुई सहा वर्षांची आहे, वर्गात सगळ्यात उंच आहे. दुधावाचून माणसाचं अडत नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. माझी चूक ती नव्हती.

चूक फोनवर झाली. आईनं विचारलं, "पोट्टी दूध पेते ना बरोबर?" आता काय सांगायचं होतं मी? की तू मोरीपुढे जे केलंस ते मला आता सहन होत नाही? जिनं त्याच दुधावर मला वाढवलं, शिकवलं, त्या नागपूरच्या बसमध्ये बसवलं, तिला? मला धीर झाला नाही. मी म्हटलं, "नाही गं, तिला दूध सोसत नाही. अंगावर पुरळ येतं. डॉक्टरनं बंद केलंय. तिच्यामुळे आम्ही दोघांनीही सोडलं." एका दमात बोलून टाकलं. मग आई म्हणाली, "माय वो. माह्या नातीले दूध नाई सोसत?" आवाज असा, जणू पोरीला डोळे नाहीत असं मी सांगितलं. मी विषय बदलला, सुटले म्हटलं.

त्या दिवाळीत सौंसरला गेले तर आईनं माझ्यासोबत स्वतःलाही काळा चहा ओतला. "मलेई आता काळाच बरा वाटते," म्हणाली. मला कोण आनंद झाला! पुण्यात येऊन मैत्रिणींना फुशारक्या मारल्या, माझी अडाणी आईसुद्धा बदलतेय बघा. पुढच्या दिवाळीत ती वाळलेली दिसली. मी म्हटलं, वजन का कमी झालं, तर म्हणाली, "म्हातारपण होय, लठ्ठ होऊ का आता?" मी हसले. त्याच्या पुढच्या दिवाळीतही हसलेच असेन.

ह्या उन्हाळ्यात दादाचा फोन आला, आई न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला ऑपरेशन झालं. जुईला सुट्ट्या होत्या, तिला घेऊन मी निघाले. तिच्यासाठी सोयादुधाची चार पाकिटंही बॅगेत टाकली. नागपूरहून आईला सौंसरला घरी आणलं, पण जखम भरेना. तपासायला आलेले डॉक्टर तिचा दंड दोन बोटांत धरून म्हणाले, ह्यांच्या अंगात काही उरलेलंच नाही, दूध द्या, पनीर द्या, अंडी द्या. अंड्याचं तर नावच नको होतं. मी वहिनीला म्हटलं, "वहिनी, दूध-भाकर करा ना, तिची आवडती." वहिनी लोधीखेड्याची, बोलायला कमी. ती स्वयंपाकघरात गेली, मला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"निशाताई, आईनं दूध सोडलं. चार वर्षं झाले," ती म्हणाली. "दूध नाई, दही नाई, ताक नाई. तुमच्या जुईले दूध सोसत नाई असं तुम्ही सांगतलं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी मारुतीपुढे बोलल्या. नात दूध पेईन तेव्हाच मी पेईन म्हणे. आम्हाले शपथ घातली, निशाले सांगाचं नाई, तिले टेंशन होईन."

"मग जेवायची काय?"

"भाकर पाण्यात कुस्करतात, तुम्ही दिवाळीत आल्या का मागून एकट्या जेवतात. वरणाचं वरचं पाणी घेतात. मी जबरदस्ती केली तं एकडाव वाटी फेकली त्यायनं."

आमच्याकडे काशीला जाऊन आलेली माणसं आवडीची एखादी वस्तू सोडतात, कोणी वांगं, कोणी सीताफळ. आपल्या माणसासाठीही सोडतात. हे मला लहानपणापासून माहीत होतं. सौंसरमध्ये राहिले असते तर खोटं बोलण्याआधी माझ्या जिभेला ते आठवलं असतं. दूध मीही सोडलं होतं, पण मी त्याच्या जागी दहा गोष्टी ठेवल्या, डॉक्टरला विचारून ठेवल्या. आईनं नुसतं सोडलं. त्या जागी तिनं पाणी ठेवलं.

मी तिच्या खाटेशी गेले आणि दुसरं खोटं बोलले. "आई, जुई बरी झाली. आता पिते दूध."

तिचे डोळे एकदम उघडले. "खरंच व?" मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "नुसतं सांगतलेलं नाई चालत. मी देवाले बोलली. माह्या डोळ्यापुढे पेऊ दे पोट्टीले, मंग मी पेते."

जुईला बाहेर ओट्यावर नेऊन विचारलं, आजीसाठी एकदाच दूध पिशील का? ती म्हणाली, "पण ते गाईच्या बाळाचं असतं ना?" मीच शिकवलेलं. एका ग्लासानं काय आभाळ कोसळणार होतं? पोरीला चार शब्दांत समजावता आलं असतं, पिऊन टाकलं असतं तिनं. पण माझी जीभ वळली नाही. माझा तत्त्वाचा ताठा आईच्या जिवापेक्षा मोठा होता, असं सरळच लिहिते. मी बॅगेतलं पाकीट काढलं, सोयाबीनचं दूध गरम करून स्टीलच्या ग्लासात ओतलं. वहिनी बघत होती. जुईला सांगितलं, आजीला सांगायचं नाही हं.

जुई खाटेच्या कडेला बसून घटाघट प्यायली. वरच्या ओठावर पांढरी मिशी आली. "संपलं आजी!" आई हसली. किती दिवसांनी हसली ते वहिनीला माहीत. "शाब्बास माय माही. जा, खेळ अंगणात." जुई पळाली. ती दाराबाहेर जाईपर्यंत आई थांबली, मग हात पुढे केला. "ग्लास दे इकडे."

मी दिला. न देऊन करते काय? तिनं आत नाक घातलं. तळाशी दोन थेंब होते, त्यांतला एक अंगठ्याच्या नखावर घेतला आणि पाहत राहिली. मग बोटांनी चोळला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी निभावून नेलं असतं.

"कुटाराचं वासरू धरलं का व माह्यापुढे?"

मी खाली बसले. तिथं जमिनीवर बसूनच सगळं सांगितलं. पुरळ नव्हतं, डॉक्टरनं बंद केलं नव्हतं, जुईला कधी काही झालंच नव्हतं. मोरीचा गोऱ्हा, माझ्या हातातला दोर, ते कातडं, सगळं. मी रडत होते आणि मला वाटत होतं, आता ती मला जवळ घेईल. चाळिशीकडे झुकलेली बाई मी, आणि मला हे वाटत होतं. दारात वहिनी उभी होती, तिच्यामागे दादा.

आई वर आढ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "मंग काय पाजाचं होतं तुले?"

ते टोमणा म्हणून नव्हतं. ती खरंच विचारत होती. मान वळवून माझ्याकडे बघत होती, उत्तराची वाट पाहत होती. दोन लेकरं, मेलेला नवरा, दोन गाई, आणि रोज सकाळी दारोदार दूध. मी काय सांगणार होते तिला? ओट्स?

संध्याकाळी वहिनीनं दूध-भाकर केली. बोललेलं फिटो न फिटो, आता त्याला अर्थच उरला नव्हता. मी चमचा धरला. आईनं तोंड उघडलं, घास घेतला, कितीतरी वेळ घोळवला, आणि मग ओठांच्या कडेनं बाहेर येऊ दिला. पुन्हा एकदा प्रयत्न केला तिनं, माझ्यासाठी असेल. "नाई उतरत व आता," म्हणाली. हट्ट नव्हता तिच्या आवाजात. चार वर्षं तिनं दूध सोडलं होतं, ते तिला कधीही परत घेता आलं असतं. त्या दुपारी मोरीचं सगळं सांगून मी ते दूधच तिच्याकडून काढून घेतलं. मग सोयाबीनचंही देऊन पाहिलं, डाळीचं पाणी दिलं, बाजारातली पावडर आणली. चमचा दोन चमचे. बाराव्या दिवशी ती गेली.

दादानं मला एका शब्दानं दोष दिला नाही. वहिनीनंही नाही. तेराव्याला सगळं गोड करतात. आईला आवडायची म्हणून वहिनीनं मोठा गंजभर खीर केली, घरच्याच दुधाची. नातेवाईक बसले, पांढुर्ण्याचे मामा, शेजारचे, रतिबाच्या घरांतल्या दोन म्हाताऱ्या. मी जुईला घेऊन त्यांच्यातच बसले.

पुण्यात अजून कोणी गाव विचारलं की मी सौंसर सांगते. तिथं माझं घर आहे, खोली आहे, दादा-वहिनी मायेनं वागतात. पण घर म्हणजे मला जे वाटायचं, ते त्या पंगतीत संपलं. वहिनी गंज घेऊन वाढत वाढत येत होती. आग्रह करत होती, घ्या ना, आईच्या नावाची आहे, म्हणत होती. माझ्या ताटापाशी आली तेव्हा मी हात आडवा धरला नव्हता. ताट थोडं पुढेच सरकवलं होतं. वहिनीनं ते पाहिलं नसावं. आम्ही दूध घेत नाही हे धरूनच ती माझं आणि जुईचं ताट ओलांडून पुढच्या ताटात वाढायला वाकली, आणि मला तिला थांबा म्हणता आलं नाही.